महासंगणकाची रेकॉर्ड रूम

उदगीरकडच्या एका गावातून एक आजी ओपीडीत आल्या. सोबत मुलगा. तीन वर्षांपूर्वी डोके दुखते म्हणून हैदराबादला त्यांचा एमआरआय झाला होता आणि मेंदूच्या आवरणावर एक लहानशी गाठ सापडली होती. अशा गाठी बहुतेक वेळा साध्या आणि सावकाश वाढणाऱ्या असतात. उतारवयात ऑपरेशन करायचे की नुसते लक्ष ठेवायचे, हे ठरवताना गाठीचा आजचा आकार जितका महत्त्वाचा, तितकीच तिची वाढ महत्त्वाची. नव्या एमआरआयमध्ये गाठ दिसत होती. आता ती जुन्याशी ताडून पाहायची. मुलाने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली सीडी काढली. "साहेब, रिपोर्टचा कागद पावसात भिजला. पण ह्याच्यात समदं हाय म्हणले होते तिथले." सीडीवर साधा ओरखडा नव्हता. अडचण वेगळीच निघाली. विभागात नुकतेच नवे संगणक आले होते आणि त्यांतल्या एकालाही सीडी घालायची सोय नव्हती.

आजींच्या गाठीचे काय झाले ते पुढे सांगतो. पण त्या दिवशी मला आठवण झाली ती पुण्याच्या पाषाण भागातल्या एका संस्थेची, जिथे हीच अडचण काही कोटी पटींनी मोठी आहे.

भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजेच आयआयटीएम, १९६२ पासून मान्सूनचा अभ्यास करते. पृथ्वी, आदित्य, प्रत्युष अशा एकामागून एक महासंगणकांवर तिथे काम झाले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तिथल्या नव्या महासंगणकाचे लोकार्पण झाले. त्याचे नाव 'अर्का'. आमच्या पिढीच्या वैद्यकीय मनाला अर्क म्हटले की आधी ओव्याचा अर्क आठवतो, पण इथे अर्थ सूर्य असा आहे. त्याचा जोडीदार 'अरुणिका' नोएडाला आहे. गंमत अशी, की त्या दिवशी पुण्यात इतका पाऊस होता की पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला आणि हवामानाच्या महासंगणकाचे लोकार्पण दिल्लीतून दूरदृश्य प्रणालीने करावे लागले.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत होता: ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणिते. त्याच बातमीत खाली कुठेतरी आणखी एक आकडा होता, साठवण क्षमता ३३ पेटाबाइट. तो बहुतेकांच्या नजरेतून सुटला असेल. मला तो जास्त बोलका वाटला.

एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. आपल्या खिशातला फोन १२८ जीबीचा धरला, तर ३३ पेटाबाइटसाठी सुमारे अडीच लाख फोन लागतील. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती, म्हणजे दर दोन माणसांमागे जवळपास एक फोन, आणि तोही काठोकाठ भरलेला. एवढे साठवायचे काय?

हवामानाचा अंदाज काढताना संगणक जमिनीचे आणि वरच्या हवेचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यातले तापमान, आर्द्रता, वारा, दाब, ढग यांचे गणित पुढे पुढे नेत राहतो. पूर्वीच्या पद्धतीत हा तुकडा साधारण १२ किलोमीटरचा होता. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये तो ६ किलोमीटरचा झाला. ढोबळमानाने हे तुकडे चौकोनी समजू. ७,१५७ चौरस किलोमीटरच्या लातूर जिल्ह्यात पूर्वी पन्नासेक चौकोन बसत होते, आता दोनशे बसतात. औसा आणि निलंगा यांच्या पावसात किती फरक असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. तो फरक आता गणितात थोडा तरी उतरेल. पण चौकोन चौपट झाले की प्रत्येक वेळी लिहून ठेवायचे आकडेही निदान चौपट होतात. शिवाय अंदाज एकदाच काढून भागत नाही. सुरुवातीच्या स्थितीत बारीक बारीक फरक करून तोच अंदाज अनेकदा काढतात, म्हणजे खात्री किती आहे ते कळते. तीन डॉक्टरांचे मत घेण्यासारखेच हे. ही सगळी उत्तरे रोज कुठेतरी ठेवावी लागतात.

इथे साठवणीचा वेगही महत्त्वाचा ठरतो. प्रत्युषवर ज्या गणिताला दहा तासांपर्यंत वेळ लागायचा, ते अर्कावर सुमारे चार तासांत होते, असे आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. आता सरकारी दवाखान्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. तपासायला चाळीस डॉक्टर बसवले, पण केसपेपरची खिडकी एकच ठेवली, तर काय होईल? डॉक्टर रिकामे आणि रांग थेट रस्त्यापर्यंत. महासंगणकात हजारो प्रोसेसर एकाच वेळी आपापले उत्तर लिहायला धावतात. ते घेणारी खिडकी अरुंद असेल, तर कोट्यवधींचे यंत्र नुसते ताटकळत बसते. म्हणून तिथे एकच फाइल तुकडे करून शेकडो डिस्कवर एकदम लिहिण्याची पद्धत वापरतात. 'लस्टर' नावाची अशी एक प्रणाली जगातले अनेक महासंगणक वापरतात. वाचताना ते तुकडे क्षणात पुन्हा जुळतात. एखादी डिस्क मेली, आणि इतक्या डिस्क असल्या की कुठली ना कुठली मरतच असते, तरी उरलेल्यांवरून हरवलेला भाग गणिताने परत मिळवता येईल अशी तजवीज आधीच केलेली असते.

पण हे झाले रोजच्या कामाचे. आमच्या भाषेत कॅज्युअल्टी आणि वॉर्ड. त्यामागे जी रेकॉर्ड रूम असते, तिथे काय वापरतात हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. जगातल्या बहुतेक मोठ्या महासंगणक केंद्रांत ती जागा अजूनही टेपने सांभाळली आहे. होय, चुंबकीय फीत. भजने आणि भावगीते ऐकायच्या कॅसेटची ही लांबची बहीण. तळहातावर मावणारी एक डबी, तिच्यात साधारण एक किलोमीटर लांबीची फीत आणि नवव्या पिढीतल्या एका डबीत १८ टेराबाइट, म्हणजे १८,००० जीबी माहिती. हजारो डब्या कपाटात उभ्या असतात. यांत्रिक हात हवी ती डबी काढतो, वाचकयंत्रात घालतो आणि काम झाले की परत ठेवतो. डिस्क सतत फिरत राहते, वीज खाते, तापते. शेल्फवरची टेप काहीच खात नाही.

तिचा आणखी एक गुण दवाखान्यांच्या दृष्टीने मोलाचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथले काम कागदावर करावे लागले. जाळ्याला न जोडलेल्या, कपाटात पडून असलेल्या टेपपर्यंत असा हल्ला पोचू शकत नाही.

मात्र टेपला एक रोग आहे आणि तो आजींच्या सीडीचाच आहे. फीत तीस वर्षे टिकू शकते, पण ती वाचणारे यंत्र तितके टिकत नाही. नवव्या पिढीचे वाचकयंत्र आठव्या पिढीची टेप वाचते, सातवीची वाचत नाही. त्यामुळे टेप धडधाकट असतानाही काही वर्षांनी सगळा साठा नव्या टेपवर उतरवून घ्यावा लागतो. मराठवाड्याला हे वेगळे समजवायला नको. २०२३ पासून निजामकालीन नोंदी शोधायचे काम गावोगावच्या तहसीलमध्ये सुरू झाले, तेव्हा कागद दप्तरात होते, पण त्यावरचे उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे मोजकीच उरली होती.

महासंगणकाची साठवण 'नवी करणे' म्हणजे प्रत्यक्षात हे उतरवून घेण्याचे काम. नवी कपाटे विकत घेणे हा त्यातला सोपा भाग. घरच्या १०० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर एक पेटाबाइट पाठवायचे म्हटले तर अडीच वर्षे लागतील. त्याच्या शंभरपट वेगाची लाइन अहोरात्र एकाच कामाला दिली, तरी नऊ दिवस. दहा पेटाबाइट असतील तर तीन महिने. एक भरलेली टेप पूर्ण वाचायलाच साडेबारा तास जातात. आणि हे सगळे करताना रोजचा अंदाज थांबवता येत नाही. चालू दवाखाना, आयसीयूसकट, एका इमारतीतून दुसरीत हलवण्यासारखा हा प्रकार आहे.

त्यात काय चुकू शकते, हे जपानने पाहिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून दोन दिवसांत ७७ टेराबाइट संशोधन माहिती पुसली गेली. ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गट. त्यांतल्या चार गटांची माहिती परत मिळवणे अशक्य ठरले. कारण वाचून अंगावर काटा येतो, कारण ते फार साधे आहे. जुन्या नोंदफाइली साफ करणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्यात सुधारणा केली, आणि जुना प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या जागी सुधारलेला ठेवला. यंत्राने अर्धे जुने, अर्धे नवे असे वाचले. काय पुसायचे, ती जागा त्याला रिकामी दिसली आणि त्याने हाती लागेल ते पुसायला घेतले. सिस्टर एका ऑर्डर शीटवरून औषधे देत असताना मध्येच कुणी ते शीट बदलावे, तसे. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने चूक जाहीरपणे मान्य केली, हे तिचे मोठेपण. पण चार गटांची माहिती गेली ती गेलीच.

शल्यचिकित्सकांनी यावर फार जुना उपाय काढलेला आहे. पोट शिवण्याआधी आत वापरलेले मॉप मोजायचे. सिस्टर मोजते, दुसरे कुणीतरी पुन्हा मोजते आणि आकडा जुळल्याशिवाय टाका पडत नाही. माहिती हलवतानाही हेच करतात. प्रत्येक फाइलच्या सगळ्या आकड्यांवरून एक छोटा ताळा काढून ठेवतात. नव्या जागी पोचल्यावर ताळा पुन्हा काढतात. एक अक्षर बदलले तरी ताळा जुळत नाही. जुळला तरच जुनी प्रत मोडीत काढायची, आणि तीही घाईने नाही.

आजींच्या सीडीचेही शेवटी तसेच केले. आमच्या एका निवासी डॉक्टरने हॉस्टेलमधून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. दोनदा नुसती घरघर झाली, तिसऱ्यांदा सीडी उघडली. प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवल्या, मग तिथल्या आणि इथल्या प्रतिमांची संख्या मोजून जुळवली. गाठ तीन वर्षांत वाढलेली नव्हती. ऑपरेशन टळले, पुढच्या वर्षी पुन्हा एमआरआय करायचे ठरले. सीडी सापडली नसती तर? वय, डोकेदुखी आणि समोर दिसणारी गाठ एवढ्यावरच निर्णय घ्यावा लागला असता, आणि तो कदाचित कवटी उघडण्याचा असता.

हवामानातही निर्णय असाच 'आधी किती होते' यावर लटकलेला असतो. ऑगस्ट २०२५ च्या मध्यावर मुखेड तालुक्यात एका रात्रीत जो पाऊस झाला, त्याने हसनाळ, रावणगाव ही गावे पाण्यात गेली. माणसे दगावली, लष्कराला बोलवावे लागले. अशा वेळी लोक विचारतात, असे पूर्वी कधी झाले होते का? आता हे नेहमीचेच होणार का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणताही महासंगणक नुसत्या वेगाच्या बळावर देऊ शकत नाही. त्यासाठी जुनी नोंद हवी. ती आहे, आणि ती कशी आहे हे ऐकण्यासारखे आहे.

भारतीय हवामान विभाग १८७५ चा. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजही 'सिमला ऑफिस' म्हणून ओळखली जाते आणि रिक्षावाला तेवढ्या नावावर बरोबर सोडतो. देशभरातल्या पर्जन्यमापकांचे आकडे पुण्याच्या राष्ट्रीय हवामान माहिती केंद्रात जमा होतात. त्यातून तयार केलेली रोजच्या पावसाची चौकटवार मालिका १९०१ पासूनची आहे. तिच्यात ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या. कुणी तरी रोज सकाळी साडेआठला मापकातले पाणी मोजले आणि वहीत लिहिले. ती वही हातांनी टंकली गेली, मग यंत्रात गेली, एका माध्यमातून दुसऱ्यात गेली, आणि दर वेळी कुणीतरी ती वाचता येते आहे ना हे पाहिले. १९७२ च्या दुष्काळाचा आकडा आज मिळतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाची टंचाई आधीच्या दुष्काळांशी ताडून पाहता येते. या सगळ्याचे श्रेय त्या उतरवून घेणाऱ्यांनाही आहे. अर्काच्या साठवणीत अशा जुन्या नोंदींचा वाटा आकाराने अगदी किरकोळ असेल, पण नवे अंदाज बरोबर येतात की नाही हे तपासायला त्यांच्याशिवाय दुसरे साधन नाही.

आता हे सारे आरोग्याच्या सदरात का, असे कुणी विचारील. उन्हाळ्यात उष्माघाताचे आणि मान्सून यायच्या आधी वीज पडून भाजलेले रुग्ण मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याला नवे नाहीत. आयआयटीएमचेच 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडण्याचा धोका कळवते. त्यामागे देशभर बसवलेल्या संवेदकांचे जाळे आहे. शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावे. पण मला सांगायचे आहे ते डेंग्यूबद्दल.

जानेवारी २०२५ मध्ये आयआयटीएमच्या सोफिया याकूब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसह पुण्यातल्या डेंग्यूवर एक अभ्यास 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. २७ अंशांच्या वरचे तापमान, मान्सूनच्या महिन्यांत ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि मध्यम आणि सारखा विभागलेला पाऊस, ही परिस्थिती डेंग्यूला पोषक ठरते असे त्यांना दिसले. आठवड्याला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर उलट डासांची अंडी आणि अळ्या वाहून जातात. याच्या आधाराने साथीची सूचना दोन महिने आधी देता येईल असे प्रारूप त्यांनी मांडले. दोन महिने म्हणजे किती, हे ज्याने ऑक्टोबरात एका खाटेवर दोन रुग्ण झोपवले आहेत आणि प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढीला फोन केले आहेत, त्यालाच कळेल.

मग असे प्रारूप नांदेडसाठी, लातूरसाठी का नाही? हवामानाची बाजू तयार आहे. १९०१ पासूनचा पाऊस आहे, अर्का आहे, ६ किलोमीटरचे चौकोन आहेत. कमी पडते ती दुसरी बाजू, म्हणजे आमची. कुठल्या आठवड्यात, कुठल्या तालुक्यातून, किती रुग्ण आले आणि किती दगावले, याची सलग पंधरा-वीस वर्षांची मालिका हवी. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने किमान तीन वर्षे ठेवायच्या असतात. 'किमान' हा शब्द व्यवहारात गळून पडतो. जागा नाही, माणूस नाही, वाळवी आहे आणि पावसाळ्यात छत गळते. पोलिसी प्रकरणांचे कागद तेवढे वेगळे आणि जास्त जपून ठेवतात, कारण कोर्टाचे समन्स येते. डेंग्यूच्या नोंदीसाठी समन्स कुणी काढत नाही.

संगणक आले म्हणून हे आपोआप सुटले नाही. मी काम केलेल्या एका ठिकाणी नोंदणीची संगणक प्रणाली काही वर्षे चालली आणि एके दिवशी बंद झाली. नवी यायला वेळ लागला. जुनीतले रुग्ण नवीत आणायचे काम कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. त्या वर्षांतला माणूस आज आला की त्याला पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते. आता 'आभा' क्रमांक आले आहेत, ते चांगलेच आहे. पण क्रमांक म्हणजे कपाटाला लावलेली चिठ्ठी. कपाटात काय ठेवले, ते कोण कधी उतरवून घेणार आणि त्यासाठी दर वर्षी किती पैसा बाजूला काढणार, हे प्रश्न तसेच उभे राहतात. नवे यंत्र घेताना फीत कापली जाते, फोटो येतो. जुन्यातून नव्यात उतरवण्याच्या कामाचा फोटो मी तरी अजून पाहिलेला नाही.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये सध्या जुन्या गठ्ठ्यांच्या निर्लेखनाची यादी चालू आहे. मी आणि आमचा कारकून दोघांनी मिळून त्यातली तापाच्या वॉर्डाची रजिस्टरे वेगळी काढली. बारा निघाली. दोन वाळवीने खाल्लेली, एक भिजून घट्ट चिकटलेले, नऊ वाचता येतात. त्यांच्यात तारीख, वय, गाव आणि निदान असे चार रकाने बऱ्यापैकी भरलेले आहेत. संध्याकाळी ओपीडी संपल्यावर दोन इंटर्न ती संगणकावर टंकायला बसतात. एक वाचतो, दुसरा टंकतो आणि प्रत्येक पानाच्या शेवटी रुग्णांची संख्या जुळवून पाहतात. पहिल्या रजिस्टरच्या चाळिसाव्या पानापर्यंत ते आले आहेत.